आधी तू घे

मला पुस्तकं वाटायची खोड आहे, आणि तीसुद्धा खुनाची. माझ्या वयाच्या बायका पर्समधून नातवंडांचे फोटो काढतात, मी पुस्तक काढते. लोणावळ्याच्या शाळेत निवृत्त होईपर्यंत मराठी शिकवलं. मुलांना अभंग, आणि घोरावाडी ते लोणावळा गाडीत जाता-येता मला स्वतःला विष, सुरा, दोरी. ज्या दिवशी मुख्याध्यापकांनी फार छळलं असेल त्या दिवशी परतीच्या गाडीत खून जास्त गोड लागायचा, हे मी लपवत नाही.

आमच्या डब्यातल्या बायकांना मीच या नादाला लावलं. नवीन काय आलं, कुठलं विकत घ्यावं, कुठलं रद्दीच्या लायकीचं, हे त्या मला विचारत. माझी अट एकच होती. शेवट सांगणार नाही. ताकाला तूर लागू देणार नाही. वडगावला उतरणारी एक कोर्टातली बाई होती. ती एकदा गयावया करून म्हणाली, "मॅडम, उद्या माझं ऑपरेशन आहे हो. काही बरंवाईट झालं तर? निदान खुनी कोण तेवढं सांगा." मी म्हटलं, "मग लवकर बरी हो." ती बरी झाली आणि माझ्याशी बोलायची बंद झाली. पण पुस्तक परत करायला आली तेव्हा तोंड फुगवूनच दुसरं घेऊन गेली.

नवरा मात्र या सगळ्यात कोरडा पाषाण. तळेगावच्या एका कारखान्यात ते क्वालिटीला होते. दुसऱ्यांनी घाम गाळून केलेला पार्ट उचलायचा, उजेडात धरायचा आणि 'रिजेक्ट' म्हणायचं, याचा त्यांना पगार होता. घरी तेच काम बिनपगारी चालायचं. आमटी रिजेक्ट, माझी साडी रिजेक्ट, माझं माहेर तर लग्नाच्या पंगतीतच रिजेक्ट झालेलं. मी दागिने मागितले नाहीत, फिरायला न्या म्हटलं नाही. सकाळी मी चहा नेऊन द्यायची, ते पेपरमागून हात बाहेर काढून कप घ्यायचे, आणि माझा कप ओट्यावर गार व्हायचा. एकदा, फक्त एकदा, या माणसाने पेपर खाली ठेवून म्हणावं, बस जरा, तूही घे. एवढ्या एका वाक्याची मी सबंध संसारभर वाट बघितली. हसायचं त्याने हसावं.

मग ते पडले. इंदुरीच्या शेतात मोटर का बंद पडली ते बघायला गेले आणि बांधावरून घसरून पाय मोडून आले. प्लास्टर घालून घरात. चालत्या पायाचा माणूस निदान बाहेर जाऊन लोकांना तरी छळतो, हा सगळा माल आता एकटीच्या वाट्याला आला. पंखा फार फिरतो, उशी फार मऊ आहे, शेजाऱ्यांचा कुकर चुकीच्या शिट्ट्या देतो. शेवटी त्यांचं तोंड बंद व्हावं म्हणून मी एक पुस्तक त्यांच्या छातीवर ठेवलं. गाढवापुढे वाचली गीता म्हणतात, मी ती गाढवाच्या हातातच दिली.

पुस्तक नवंकोरं होतं, त्या वर्षी मी वाचलेल्यांत सर्वांत सरस. पुण्यातला फ्लॅट, नवराबायको दोघंच. नवरा दिवसेंदिवस खंगत चाललाय, डॉक्टरांना कारण सापडत नाही, आणि बायको रोज सकाळी त्याला चहा करून देते. बस. आणखी सांगणार नाही. मी ते दिलं कारण वाक्यं छोटी होती आणि अक्षर मोठं होतं. देवाशपथ दुसरं काही मनात नव्हतं.

ते वाचायला लागले आणि घरात शांतता पसरली. मला वाटलं, जिंकले. मग एका सकाळी मी चहा घेऊन गेले तर पेपर घडी करून बाजूला ठेवलेला. त्यांनी कप घेतला, हळूच अर्धा चहा बशीत ओतला आणि बशी माझ्यापुढे धरली.

"घे," ते म्हणाले. "आधी तू घे."

माझे वडील माझ्या आईला असा बशीतला चहा द्यायचे. चारचौघांत नाही, स्वयंपाकघरात, आम्ही पोरं झोपलोय असं समजून. मी पांघरुणातून ते बघितलेलं होतं आणि नवरा म्हणजे असा असतो अशी समजूत करून घेऊन बोहल्यावर चढले होते. आता केस पिकल्यावर ती बशी माझ्या पुढ्यात आली. मी बशी अशी घाईने ओढली की चहा पदरावर सांडला. ते रागावले नाहीत. पुन्हा ओतला, पुन्हा म्हणाले, आधी तू घे.

मग ते रोजचंच झालं. चहा झाला, दूध झालं, आमटीची वाटी झाली, सगळ्यात आधी मी. मी घोट घेतला की ते माझ्याकडे टक लावून बघत बसायचे. अंतरपाट दूर झाला तेव्हासुद्धा त्यांनी माझ्याकडे इतकं बघितलं नव्हतं. मी बाई हुरळले. धुतलेल्या साड्यांना इस्त्री करायला लागले, संध्याकाळी गजरा आणायला लागले. गाडीतल्या जुन्या मैत्रिणींना फोन करकरून सांगितलं की हे पुस्तक घ्या आणि नवऱ्याला वाचायला द्या, माणसात येतो. कोर्टातल्या बाईने दोन प्रती घेतल्या, एक तिच्या जावयासाठी.

त्यांचं पोट मात्र बिघडलेलं होतं. पायाच्या गोळ्या जहाल होत्या, डॉक्टरांनी आधीच सांगितलेलं की मळमळेल. मी ताक द्यायची, मऊ भात द्यायची. आधी तू घे, आधी तू घे.

एक दिवस इंदुरीहून अक्का आल्या, म्हणजे यांची थोरली बहीण. पिशवीभर इंद्रायणी तांदूळ आणि भावाची काळजी घेऊन आल्या. मी आत चहा ठेवला. बहीणभाऊ एकत्र आले की आमचे साहेब एका मिनिटात गावचं बोलायला लागतात.

"लय वाळलास रं," अक्का म्हणाल्या.

"पोटात काय टिकत न्हाई. डॉक्टर म्हनतो गोळ्यांनी व्हतंय. पर मला येगळाच वास येतोय, अक्का."

"कसला?"

"हिच्या पुस्तकात समदं हाय. बायकू रोज च्यात थोडं थोडं घालती आन नवरा झिजत जातो. हिनं तसली किती वाचल्यात. म्हनून मी आता आधी सॅम्पल घेतो. बशीत वतायचं, म्हनायचं, आधी तू घे. तिनं घोट घेतला, वाईच थांबलो, तिला काय झालं न्हाई, की मग मी पितो."

मला वाटलं, आता अक्का भावाच्या कानाखाली वाजवतील. बाई शहाणी, मुलाबाळांची, बाळंतपणाला माझ्या उशाशी बसलेली.

"आन माझ्या च्याचं रं?" त्या म्हणाल्या.

मी गाळणी हातात धरून उभी होते. आत काय झालं ते मला सांगता येणार नाही. रडू आलं नाही. इतकी वर्षं खून वाचले, पण कुणाचा गळा हाताने धरावा असं खरोखर वाटण्याची ती पहिली वेळ. आणि त्याहून वाईट म्हणजे लाज वाटली. गजऱ्याची लाज वाटली.

मी ट्रे घेऊन बाहेर गेले. यांनी बशी पुढे केली. पाठोपाठ अक्कांनीही आपली बशी पुढे केली आणि गोड हसून म्हणाल्या, "वयनी, आधी तुमी घ्या."

मी घेतला. दोघांच्याही बशीतला, गरम होता तसाच. जीभ पोळली.

अक्का गेल्यावर मी ते पुस्तक उघडून बघितलं. गोळ्यांचं रिकामं पाकीट खूण म्हणून घातलेलं होतं, बरोबर मध्यावर, जिथे ती बाई कपात चमचा ढवळत उभी असते. त्यापुढे वाचायची यांची छाती झाली नव्हती. आता त्या बाईने विष घातलं होतं की नाही हे शेवटच्या प्रकरणात कळतं, आणि ते यांनी वाचलं असतं तर आमच्या घरातला चहा पुन्हा चहा झाला असता. माझा नियम मोडून मी इतकंच सांगते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बशी पुढे आली तेव्हा मी म्हटलं, "मी चहा सोडला."

"म्हणजे?"

"म्हणजे सोडला. तुम्ही प्या."

ते कपाकडे बघत बसले. वर साय धरायला लागली. दिवसाला सहा कप पिणारा माणूस, वासानेच घशाखाली आवंढा जात होता. मी समोर स्टुलावर बसून मनात म्हणत होते, प्या हो. एक घोट घ्या. एक घोट घेतलात तर झालं गेलं सगळं मी गिळून टाकीन, अक्कांच्या बशीसकट. ते उठले, काठी टेकत गॅलरीत गेले आणि कप कढीपत्त्याच्या कुंडीत रिकामा केला.

मग तोच परिपाठ झाला. मी चहा करायची, ते कुंडीत ओतायचे. रोज सकाळी चष्मा लावून कढीपत्त्याचं पान न् पान उलटून बघायचे, पार्ट तपासावा तसं. कढीपत्त्याला काय, तो चहाच्या चोथ्यावर नाहीतरी पोसतो. तरारून आला. नवी तांबूस पालवी फुटली. एक दिवस ते आत आले, चेहरा निवळलेला, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "दे गं चहा. आज पितो. झाड चांगलं आहे."

झाड चांगलं आहे. माझा शब्द नको, माझा घोट नको, माझी तीस-पस्तीस वर्षांची आमटी नको. कुंडीतल्या एका रोपट्याने साक्ष दिली म्हणून मी पास. तेव्हा मात्र माझ्या डोक्यात जी तिडीक गेली ती अजून उतरलेली नाही.

"दूध नासलंय," मी म्हटलं. चहा दिलाच नाही. ते दुपारी आडवे झाल्यावर ओंजळभर मीठ घेतलं, पाण्यात कालवलं आणि कुंडीत ओतलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. कढीपत्ता मी स्वतः लावलेला, वडगावच्या बाजारातून रोप आणून. जीव तुटला, पण हात थांबला नाही.

पानं आधी पिवळी पडली, मग गळायला लागली. त्यांचं माझ्या हातचं खाणं कमी कमी होत गेलं. केळी सोलून खायचे, बिस्किटांचा पुडा स्वतः फोडायचे. प्लास्टर निघालं तसे लंगडत घोरावाडी स्टेशनजवळच्या टपरीवर चहाला जायला लागले. ज्या दिवशी कुंडीत नुसती काडी उरली त्या संध्याकाळी ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. पुस्तक हातात होतं, खूण तिथेच, मध्यावर.

"अगं," ते म्हणाले. इतक्या मऊ आवाजात त्यांनी मला कधी हाक मारली नव्हती. "एक विचारू? यात शेवटी तीच असते का?"

त्यांचा हात दाराच्या चौकटीवर होता. माणूस खरंच वाळला होता. एक वाक्य पुरलं असतं. नाही हो, ती नसते, एवढंच. ते वाक्य माझ्या जिभेवर होतं, आणि त्याच जिभेवर अक्कांच्या बशीचा चटकाही होता.

"शेवट सांगायचा नसतो," मी म्हणाले आणि गॅसकडे वळले. आमटीला फोडणी द्यायची राहिली होती. कढीपत्ता नव्हता, नुसत्या मोहरीची दिली.