नमुन्यांची बॅच

किस्से कोणी ठरवून गोळा करत नाही. आपण पोटापाण्याच्या मागे धावत असतो आणि ते आपोआप साठत जातात. मग एखाद्या दिवशी नातू विचारतो, "आबा, तुम्ही लॅबवाले कसे झालात?" आणि चहा थंड होईस्तोवर मी बोलतच राहतो! त्यातले थोडे इथे सांगतो.

पंचाहत्तरच्या आसपासची गोष्ट. नागपुरात सीताबर्डीला एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर लॅब टेक्निशियनचा दोन वर्षांचा कोर्स चालायचा. मी तेव्हा इतवारीत धान्याच्या दुकानात माप मोजायला होतो. पूर्ण वेळ कॉलेज करणं आमच्यासारख्यांना शक्यच नव्हतं. पण हा कोर्स चालवणारे खानझोडे सर मोठ्या मनाचे. सकाळी सात ते दहा एक वर्ग, संध्याकाळी पाच ते आठ तोच वर्ग पुन्हा. ज्याला जे जमेल त्या वेळी त्याने यावं, कार्डावर सही घ्यावी. दोन वर्षांत कार्ड भरलं की परीक्षेला बसायचं. या एका सोयीने माझं आयुष्य बदललं. सरांचे उपकार मी आजही मानतो.

* * *

पहिल्या दिवशी सकाळी दारात एक बाई उभी. बत्तीस-तेहतिशीची, हातात कापडी पिशवी. सरांनी चष्म्यावरून पाहिलं.

"बाई, नमुना आणला का? नमुने खाली घेतात."

"जयभीम सर. मी नमुना नाही ना, मी शिकाले आली!"

ती कमलताई. लग्नाआधी विज्ञान घेऊन मॅट्रिक झालेली. कन्हानहून रोज बसने यायची. नवरा कोळशाच्या खाणीत होता, तिथे अपघातात त्याचा पाय गेला. खाणीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं, "दोन वर्षांत सर्टिफिकेट आणा, लॅबमधली जागा तुमची. नाहीतर मला दुसरा माणूस घ्यावा लागेल." घरी दोन पोरं. म्हणजे आम्ही नापास झालो असतो तर घरी शिव्या खाल्ल्या असत्या. ती नापास झाली असती तर चूलच विझली असती.

त्या दिवसापासून आमच्या बॅचचं नाव पडलं, "नमुने". सरसुद्धा वर्गात शिरताना म्हणायचे, "बसा नमुन्यांनो!"

* * *

बाकावर तिसरा नामदेव. कळमेश्वरकडचा शेतकऱ्याचा मुलगा, अंगाने धिप्पाड. कापूस वेचायला आला की हा पंधरा-पंधरा दिवस गायब. मग एकदम उगवायचा आणि सकाळ-संध्याकाळ दोन्ही वर्गांना बसायचा. तोच धडा दोनदा!

सर एकदा चिडले. "नामदेव, हा कोर्स आहे की धर्मशाळा?"

"सर, तुमीच म्हणलं ना, जवा वेळ भेटन तवा या. आज दोनदा भेटला!"

सर हसले आणि कार्डावर दोन सह्या केल्या.

* * *

पहिल्यांदा बोटाला सुई टोचून रक्त घ्यायचं होतं. नामदेवने टोचायचं, बोट माझं. त्याने डोळे बारीक करून टोचलं. रक्ताचा लाल थेंब वर आला, आणि नामदेव धाडकन खाली! ज्याला टोचलं तो मी धडधाकट, टोचणारा आडवा.

सर धावत आले. पाहतात तर कमलताई नामदेवला ओलांडून माझ्याकडे आलेली. माझं बोट धरून शांतपणे काचेवर थेंब पसरवते आहे.

"अहो बाई, माणूस पडला आणि तुम्ही स्लाइड करताय?"

"त्याले काय होते सर, तो उठतेच. रक्त गोठून जाईन ना!"

नामदेव उठला. त्या स्लाइडला सरांनी दहापैकी नऊ गुण दिले. एक गुण माणुसकीचा कापला म्हणाले.

* * *

आता माझी फजिती. मायक्रोस्कोपखाली एक चौकटी आखलेली काच असते. तिच्यात रक्ताच्या पांढऱ्या पेशी दिसतात, त्या मोजायच्या. मी डोळा लावला आणि सवयीने मोठ्याने सुरू झालो, "लाभ, दोन, तीन, चार..."

इतवारीत माप टाकताना पहिल्या मापाला कोणी 'एक' म्हणत नाही. 'लाभ' म्हणतात. सहा वर्षं माझ्या तोंडात तेच बसलेलं.

मागून सरांचा आवाज आला, "मनोहर, पहिली पेशी कुठे गेली?"

"सर, ती लाभात गेली."

"अरे, या पेशंटच्या पांढऱ्या पेशी आधीच तिप्पट वाढल्यात! त्याचा जीव टांगणीला लागलाय आणि तू त्याला लाभ म्हणतोस?"

वर्ग खो खो हसला. मी लाजून लाल झालो. पण त्या दिवशी एक गोष्ट कळली, की काचेखाली दिसतो तो दुकानातला माल नाही, कोणाचा तरी बाप किंवा भाऊ आहे. तरी सांगतो, 'एक' म्हणायला मला पुढे वर्षभर लागलं!

* * *

कमलताईची खरी अडचण इंग्रजी नावांची. न्यूट्रोफिल, इओसिनोफिल, बेसोफिल, लिम्फोसाइट. पाठ करायची आणि कन्हानचा पूल येईपर्यंत विसरायची. एकदा बाकावर डोकं टेकवून रडली. "मनोहरभाऊ, माह्यानं नाही होत. मी डॉक्टरले जाऊन सांगतो, दुसरा माणूस घ्या म्हणा."

दोन दिवस ती आली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी आली ती हसतच. नवऱ्याने युक्ती काढली होती. तो आता घरीच असायचा, स्वयंपाक त्याच्याकडे. त्याने मसाल्याचा डबा समोर ठेवून विचारलं होतं, "सांग, त्या पेशी दिसतात कशा?"

सहामाहीच्या पेपरात कमलताईने लिहिलं: न्यूट्रोफिल म्हणजे आत तीन-चार पाकळ्यांचा लसूण. इओसिनोफिलमध्ये तिखटाचे दाणे. बेसोफिलवर काळे तीळ. लिम्फोसाइट म्हणजे वाटाणा, आत जागाच नाही.

आम्ही म्हटलं, गेली! सरांनी पेपर दोनदा वाचला आणि पूर्ण गुण दिले. पुढच्या बॅचला सर फळ्यावर लसूण काढून शिकवत होते, हे मी दाराआडून स्वतः पाहिलं आहे.

* * *

दुसऱ्या वर्षी शिरेतून रक्त काढायचं. माझा हात कापायचा. शीर इकडे, सुई तिकडे. एकमेकांवर सराव करायचा असा नियम, पण माझ्यासमोर कोणी बसेना. नामदेव तर मला पाहून बाथरूमला जायचा!

कमलताई डावी बाही वर सारून बसली. "घ्या. दोन-तीनदा चुकलं तरी चालते. उजवा मले भाजीच्या पिशवीले लागते."

किती वेळा चुकलो ते विचारू नका. तिने एकदा हूं की चूं केलं नाही. नंतर मी हजारो लोकांचं रक्त काढलं, लहान लेकरांचंसुद्धा, आणि लोक म्हणायचे, तुमचा हात हलका आहे. तो हलका हात त्या बाईने दिला. हे ऋण नाही फिटत, आणि फिटावं असंही मला वाटत नाही.

तर एकदा बसमध्ये दांडा धरताना तिची बाही वर गेली. हातावर सगळे हिरवे-निळे डाग. कंडक्टर भला माणूस, हळूच जवळ आला.

"काहून वं बाई, घरी मारते काय कोणी?"

"नाही गा भाऊ. घरचे लय चांगले आहेत. कॉलेजात मारतात!"

* * *

शेवटची प्रॅक्टिकल परीक्षा. ज्याचं रक्त काढायचं तो माणूस प्रत्येकाने आपापला आणायचा. मी दुकानातल्या दिवाणजींना आणलं, नामदेवने भावाला. कमलताईसोबत कुबडीवर तोल सांभाळत तिचा नवरा आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, केसांना तेल. नागपूर त्याने अपघातानंतर पहिल्यांदाच पाहिलं.

परीक्षक बाहेरगावचे, फार कडक. त्यांनी सुरुवातीलाच बजावलं, "सुई लावण्याआधी पेशंटचं पूर्ण नाव मोठ्याने घ्यायचं. पेशंटने 'हो' म्हणायचं. मगच पुढे. बाटल्यांची अदलाबदल झाली तर माणूस मरतो. नाव न घेता सुई लावली, की नापास!"

कमलताईची पाळी आली. तिने दंडाला रबरी नळी बांधली, कापूस फिरवला. शीर टप्पोरी वर आलेली. आणि ती थांबली.

"नाव?" परीक्षक म्हणाले.

तिने कापूस पुन्हा एकदा फिरवला.

"पेशंट ओळखीचा नाही का?"

"ओळखीचे आहेत."

"मग नाव घ्या!"

तिने पटकन चिठ्ठीवर लिहिलं आणि पुढे धरलं. परीक्षकांनी चिठ्ठी बाजूला सारली. "लिहून नाही. तोंडाने."

खोलीत सगळ्यांना कळलं होतं, एकट्या परीक्षकांना सोडून. नामदेवला राहवेना. "ताई, उखाणा घ्या ना!"

"कोण बोललं ते?" परीक्षक गरजले. "इथे काही जोडायचं नाही. फक्त नाव!" आणि त्यांनी पेन उचललं.

खानझोडे सरांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. दोन वर्षांची बस, तो लसूण, तो वाटाणा, सगळं त्या पेनाच्या टोकावर आलेलं. कमलताईने डोक्यावरचा पदर नीट केला. नवऱ्याकडे पाहिलं. तो कुबडीकडे पाहत होता.

"सुखदेव लहानू बोरकर," ती म्हणाली. खणखणीत.

आता त्याने 'हो' म्हणायचं होतं. तो म्हणेना.

"अहो, 'हो' म्हणा!" परीक्षक वैतागले. "नाव बरोबर आहे ना तुमचं?"

सुखदेवभाऊंनी मान वर केली.

"साहेब, बराबर आयकू नाही आलं. तिले अजून एक बार म्हणू द्या."