कापितोलिनाची कुजबुज

कापितोलिना सावेल्येव्हना दुकानात पाव मागते तेव्हाही असं वाटतं, की ती कुणाचं तरी गुपित फोडते आहे. तिचा दोष नाही. आमच्या थिएटरात ती प्रॉम्प्टर होती. रंगमंचाच्या पुढच्या कडेला, फळ्यांखाली एक खोका असे. त्यात एक दिवा, एक खुर्ची, संहिता आणि कापा, म्हणजे हीच कापितोलिना. आम्ही वर राजे, सेनापती, दगाबाज प्रियकर. ती खाली, आमच्या बुटांच्या उंचीवर.

"तुला मी तोंडावरून ओळखत नाही, वेन्या, टाचांवरून ओळखते," असं म्हणायची, आणि टाचा झिजल्या की मला मोच्याकडे पिटाळायची.

लोकांना वाटतं, कुजबुजणं म्हणजे हळू बोलणं. तसं नाही. हळू बोललेलं पहिल्या रांगेला ऐकू जातं, नटाला जात नाही. कापा आवाज काढूनच टाकायची. उरायची ती नुसती व्यंजनं, चिंचोक्यांसारखी टणक, आणि ती ज्याच्या त्याच्या कानात नेमकी जाऊन पडायची. मी देखणा होतो, आवाज असा की तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत बायका दचकायच्या. पण पाठांतराच्या नावाने शंख. माझ्या सगळ्या टाळ्या अर्ध्या कापाच्या. हे मी तेव्हाही सांगत असे आणि आजही सांगतो.

पुढे थिएटरने तो खोका बुजवला, आम्ही दोघंही निवृत्त झालो, आणि आता यारोस्लाव्हलमध्ये एकाच इमारतीत राहतो. ती वरच्या मजल्यावर, मी तिच्या खाली. जागा तेवढ्या उलट झाल्या.

मागच्या पानगळीत तिच्याकडे एक मुलगी राहायला आली. मादागास्करची. डॉक्टर व्हायचं होतं तिला. पण आधी वर्षभर नुसतं रशियन शिकायचं, शेवटी तोंडी परीक्षा. पास झालं तर वैद्यकीयला प्रवेश, नाहीतर घरचं विमान. वसतिगृहात जागा नव्हती म्हणून संस्थेने कापाचा पत्ता दिला. बॅग मी वर नेली, म्हणून दारातला प्रवेश मला पाहायला मिळाला.

"नाव काय?" कापा कुजबुजली.

"वोलाना."

आमच्याकडे वोलान म्हणजे बॅडमिंटनचं फूल. कापाने तिला वरून खाली पाहिलं. पातळ जाकीट, थंडीने थरथरणारी, फुंकर मारली तर उडेल अशी.

"बरोबर आहे," कापा म्हणाली. "आलीस उडत. आत ये, दार लाव, वारा येतोय."

पोरीला वाटलं, घरात कुणीतरी झोपलंय. बूट काढून ती चवड्यांवर आत गेली आणि पुढचा आठवडाभर त्या झोपलेल्या माणसाला शोधत होती.

शिकवणी सुरू झाली ती रस्त्यावर. कापाचं म्हणणं, भाषा बसून शिकता येत नाही. "नट हालचालीबरोबर ओळ पाठ करतो. तू चाल." रोज दुपारी दोघी निघायच्या. पुढे वोलाना, कापाच्या जुन्या फरच्या टोपीत. तिच्या अर्धं पाऊल मागे, डाव्या खांद्याशी कापा. व्होल्गेच्या घाटावरचं ख्रिस्ती देऊळ आलं की कापा पहिला शब्द टाकायची आणि वोलाना वाक्य पुरं करायची.

"हे..."

"हे देऊळ आहे. ह्याला पाच घुमट आहेत."

"घुमटांवर..."

"घुमटांवर बर्फ आहे आणि एक कावळा आहे."

"कावळा मी सांगितला नव्हता."

"पण आहे, कापितोलिना सावेल्येव्हना."

घाटावरच्या लोकांना वाटायचं, कुठल्या तरी देशाची राजकन्या आली आहे आणि म्हातारी तिची दुभाषी आहे. चौकातलं अस्वल तासातासाला गुरगुरतं. पुतळाच आहे, आत कर्णा बसवलाय. पहिल्यांदा ते गुरगुरलं तेव्हा वोलाना कापाच्या मागे लपली. कापा तिच्या कानाशी म्हणाली, "ह्याला बघ. पाठांतर शून्य, आवाज मोठा. आपल्या वेन्यासारखा." पोरीने त्या दिवसापासून अस्वलाला माझ्या पूर्ण नावाने, वेनियामिन ल्वोविच, म्हणायला सुरुवात केली. मला हे बरेच दिवस कुणी सांगितलं नाही.

हिवाळा संपेपर्यंत ती छान बोलू लागली. फक्त कुजबुजत. तिला वाटायचं, रशियन अशीच बोलतात. मोठ्याने बोलणारे आम्ही बाकीचे सगळे तिच्या मते जरा अडाणी.

खालच्या दुकानात तोस्या गल्ल्यावर बसते. वोलाना तिच्याकडे वाकून विचारायची, "आंबट साय आहे का?"

तोस्याही इकडेतिकडे बघून वाकायची. "आहे. कुणाला बोलू नकोस."

एप्रिलमध्ये संस्थेच्या बाईंनी, इन्ना बोगदानोव्हनांनी, तिला थांबवून घेतलं. वोलाना घरी आली ती रडवेली. कापाने मला वर बोलावलं. टेबलावर नुकताच भाजलेला, कोबीचं सारण भरलेला पिरोग होता, आणि कुणी त्याला हात लावला नव्हता. त्यावरून मी ओळखलं, प्रकरण गंभीर आहे.

"परीक्षा घाटावर आहे," वोलाना कुजबुजली. "सगळ्या वर्गाला शहर दाखवायचं, आपण बोलत. बाई म्हणाल्या, तुझे शब्द बरोबर असतील, पण मला ऐकू आले तर मी गुण देणार. नाहीतर नापास."

"ऐकलंस?" कापा मला म्हणाली. तिचा चेहरा पडला होता. "मी शिकवलं तेच नडलं. मला दुसरं येत नाही, वेन्या. खोक्यातून बाहेर कसं बोलतात ते तू सांग तिला."

"आयुष्यात पहिल्यांदा तू मला काहीतरी विचारते आहेस."

"विचारत नाही. बोलावणं पाठवलंय. पिरोग खा आणि कामाला लाग."

मी तिला कोतोरोस्ल नदीच्या काठी नेलं. पलीकडच्या काठावर एक कोळी गळ टाकून बसायचा. मी म्हटलं, "तो शेवटच्या रांगेतला प्रेक्षक. त्याने तिकीट काढलंय. त्याला नमस्कार घाल."

पहिले तीन दिवस कोळ्याने मान वर केली नाही. चौथ्या दिवशी मी तिला सांगितलं, आवाज गळ्यातून नाही, पोटातून. जेवायला बोलावते आहेस असं समज. तिने पाय रोवले, श्वास भरला आणि हाक मारली, "नमस्कार, काका, मासे मिळाले का?"

कोळी उठून उभा राहिला. "मिळाले असते," तो ओरडला. "पळवलेस सगळे."

वोलाना एवढी हसली की काठावर बसलीच. कापा मागे उभी होती. म्हणाली, "झालं. माझं फूल गेलं, आता घरात दोन अस्वलं." पण रुमाल काढून नाक पुसत होती.

परीक्षेच्या दिवशी घरच्या माणसांना यायची मनाई होती. आम्ही घरची माणसं म्हणून गेलो नाही. घाटाच्या टोकाला, दोन नद्या मिळतात तिथे, निवृत्त माणसांनी बसावं अशी बाकं आहेत. त्यातल्या एकावर आम्ही बसलो. मी वर्तमानपत्र आणलं होतं. कापा म्हणाली, "उलटं धरलंयस."

वर्ग आला. पुढे वोलाना, मागे सात-आठ मुलं, शेवटी इन्ना बोगदानोव्हना. मुलीचा आवाज वाऱ्यावर स्वच्छ येत होता. देऊळ झालं, घुमट झाले, कावळ्यापर्यंत सगळं झालं. मग ती व्होल्गेकडे वळली.

"इथे एप्रिलमध्ये मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं," ती म्हणाली, "की नदीवरचा बर्फ फुटतो, त्याचे मोठे तुकडे वाहू लागतात. त्याला म्हणतात..."

आणि थांबली.

मी कापाकडे पाहिलं. ती म्हणाली, "श्श. पॉज आहे. पॉजमध्ये शब्द टाकत नाहीत."

पॉज लांबला. वोलाना डाव्या खांद्याकडे किंचित वळली, तिथे कुणी नव्हतं.

"विसरली," कापा म्हणाली, आणि तो शब्द तिच्या ओठांतून सुटला. पण व्होल्गेचा वारा म्हणजे थिएटरातला तो खोका नव्हे. शब्द बाकापुढेच पडला. मी ओरडू शकत होतो, पण काय ओरडायचं ते मला, नेहमीप्रमाणे, ठाऊक नव्हतं. कापाने माझी बाही ओढली आणि माझ्या कानात तो शब्द घातला. मी उभा राहिलो आणि शेवटच्या रांगेसाठी टाकला.

"लेदोखोद."

घाटावरची कबुतरं उडाली. सगळा वर्ग वळला. मी सवयीने कमरेत वाकलो.

"वेनियामिन ल्वोविच," इन्ना बोगदानोव्हना म्हणाल्या, "शाळेत असताना मी तुमची नाटकं पाहिली आहेत. तेव्हाही शब्द प्रॉम्प्टरचा आणि आवाज तुमचा असे. बसा." मग वोलानाकडे वळल्या. त्यांच्या आवाजात आता गंमत नव्हती. "सांगितलेला शब्द धरला जात नाही. ही वाक्यं सगळी पाठ केलेली आहेत, ते कळतंय मला. आता असं काहीतरी दाखव, जे तुला कुणी शिकवलेलं नाही. नाहीतर मी इथेच थांबवते."

वोलाना नदीकडे बघत राहिली, मग देवळाकडे, मग आमच्याकडे. हात पसरला, देवळापुढे पसरला होता तसाच.

"ह्या बाजूला, बाकावर," ती म्हणाली, "कापितोलिना सावेल्येव्हना आहे. ती जुनी आहे, पण पडकी नाही." मुलं हसली. "तिला घुमट नाही, टोपी आहे, पण ती टोपी मी घातली हिवाळ्यात. ती कधी मोठ्याने बोलली नाही. रागावली तर मला वोलाना राकोतोव्हना म्हणते, कारण माझ्या बाबांचं नाव राकोतो, आणि तेसुद्धा हळू म्हणते. शहरात सगळे मोठ्याने बोलले, ते सगळं तिने आधी हळू बोललं. चाळीस वर्षं ती थिएटरच्या जमिनीखाली जगली."

विभक्ती घसरत होत्या, क्रियापदं भलत्याच काळात उभी होती. 'काम केलं' म्हणायचं होतं, 'जगली' म्हणाली. मुलं पुन्हा हसली. मी कापाकडे पाहिलं. तिचे ओठ हलले, दुरुस्ती जिभेवर आलेली मला दिसत होती. आयुष्यात तिने कुणाची चुकीची ओळ पुढे जाऊ दिली नव्हती. राजाची नाही, सेनापतीची नाही, माझी तर नाहीच नाही.

तिने ओठ मिटले.

"चुकलं ना तिचं?" मी विचारलं.

"गप्प बस. ती बोलतेय."

इन्ना बोगदानोव्हनांनी पाचातले चार दिले. एक गुण व्याकरणाचा गेला की माझ्या ओरडण्याचा, ते त्यांनी सांगितलं नाही. कापाच्या मते माझ्या ओरडण्याचाच. वर्ग पुढे गेला. वोलाना जाताना लांबूनच हाक मारून म्हणाली, पिरोग करून ठेवा, मी पाचजणांना घेऊन येते.

"पाचजणांना?" कापा बाकावरून उठत म्हणाली. "पीठ एवढंसं आहे. वेन्या, तोस्याला ओरडून सांग दुकान बंद करू नकोस म्हणून. तुला येतं तेवढं तरी कर."