फाटकाबाहेरचा मामा

देवकीच्या गौरेशला दात आले ते वरचे आधी आले. खालची हिरडी कोरी, आणि वर तांदळाच्या कण्यांसारखे दोन. पोर आपल्या आनंदात हसायचं, आणि ते हसलं की त्याच्या आजीचा, जानकीचा, चेहरा उतरायचा.

वरचे दात आधी आले तर बिघडलं काय, असं कुणी विचारील. पोराचं काही बिघडत नाही. बिघडतं म्हणे ते मामाचं. वरचे दात आधी आले की ते मामाला जड जातात, असं डिचोलीकडच्या कितीतरी घरांत मानतात. उपाय असा, की चांदीच्या वाटीत तेल ओतायचं आणि मामाने भाच्याचं दातांसकट तोंड पहिल्यांदा त्या तेलात बघायचं. ते होईपर्यंत दोघांची नजरानजर नको. भटजींना विचारलं, तर त्यांनी मुहूर्त दिला दिवाळीनंतरचा. दात आले होते श्रावणात. मधले सगळे दिवस मामा फाटकाबाहेर.

ही देवकी मुळात पेडण्याची. मोप्याच्या सड्याखाली, पठाराच्या उतारावर, तिच्या बापाची काजूची बाग होती. काजूच्या दिवसांत आईबाप उतारावर, आणि घरी देवकीला सांभाळायला तिचा मोठा भाऊ श्रीनाथ. पोरगी त्याच्या कमरेवरच वाढली म्हणा ना. एकदा जत्रेत दशावताराचं नाटक होतं. काळाकुट्ट संकासूर लाल जीभ लोंबवत प्रेक्षकांत शिरला, सगळी पोरं आयांच्या पदराआड गेली, आणि देवकीने मात्र पुढे होऊन त्याची जीभ धरून ओढली. जीभ कापडाची, ती सुटून हातातच आली. संकासूर एवढा गोंधळला की पुढचं बोलणं विसरला. श्रीनाथने तिला खांद्यावर टाकून बाहेर नेलं, तेव्हा तो इतका हसत होता की त्याला नीट चालवेना. ती जीभ देवकीने परत दिली नाही.

पुढे विमानतळ आला, बाग गेली, श्रीनाथने टॅक्सी घेतली आणि देवकी लग्न होऊन डिचोली तालुक्यात सुर्ल्याजवळ आली. नवरा विशाल खाणीवरचा टिप्पर चालवतो. स्वभावाने गरीब. घरात आई बोलायला लागली की त्याला बाहेर काहीतरी काम आठवतं. सासूला देवकी मांय म्हणते, तिकडे तसंच म्हणतात; श्रीनाथ तिला काकी म्हणतो. लग्नानंतर थोड्याच दिवसांत जानकीने सुनावलं, "गो, तू उलट बोलतंस."

देवकी भाजी चिरता चिरता म्हणाली, "मांय, मी उलट बोलत नाय. सरळच बोलतंय. तुका उलट ऐकू येता."

जानकी पदर तोंडाला लावून हसली, पण ते तिने सुनेला दिसू दिलं नाही.

तर अशी ही देवकी. मग भावाला फाटकाबाहेर ठेवायचं ठरलं तेव्हा ती गप्प कशी बसली? त्याला कारण होतं. विशाल लहान असताना त्याचेही वरचे दात आधी आले होते. जानकीचा भाऊ गोपाळ. वाटीचा दिवस ठरला होता, वाटी आणून ठेवली होती, आणि त्याआधीच गोपाळ भाच्यासाठी खाजं घेऊन सायकलवरून निघाला तो वाटेत खनिजाच्या ट्रकाखाली आला. ती वाटी जानकीने तेव्हापासून फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवलेली. बाईच्या मनात एवढं असताना तिच्याशी दोन दातांवरून काय भांडायचं, असं म्हणून देवकीने ती गणपतीची चवथ तशीच काढली. गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधली, करंज्यांसारख्या नेवऱ्या तळल्या, आणि भावाच्या वाटच्या नेवऱ्या डब्यात घालून वईच्या, म्हणजे कुंपणाच्या, खांबावर ठेवल्या.

श्रीनाथही काही कमी नव्हता. विमानतळाच्या रस्त्यावर बसवाल्यांना न जुमानणारा माणूस, पण तांदळाच्या कणीएवढ्या दोन दातांना भ्याला. दर बुधवारी सुट्टीच्या दिवशी यायचा, फाटकाशी गाडी उभी करून हॉर्न द्यायचा, पदेराकडचे ताजे उंडे पाव आणि काय असेल ती पिशवी खांबाला अडकवायचा आणि घराकडे पाठ करून उभा राहायचा. बहीण फाटकाशी यायची. तो रस्त्याकडे बघत तिच्याशी बोलायचा. येणारे-जाणारे म्हणायचे, हा टॅक्सीवाला कुणाची तरी वाट बघतोय.

चवथीनंतर गौरेशला जुलाब लागले.

"दातांचे जुलाब ते," जानकी म्हणाली. "खालचे येतत आता. दात इले काय आपसूक थांबतले."

शेजारणी आल्या त्याही तेच म्हणाल्या. प्रत्येकीच्या पोराला दात येताना जुलाब झाले होते आणि प्रत्येकीचं पोर आता धट्टंकट्टं होतं. एकीने जायफळ उगाळायला सांगितलं, दुसरीने डिकेमाली. जानकीने पाणी बंद केलं आणि दूधही कमी करायला लावलं. "जितक्या पोटात घालशीत तितक्या भायर येतला."

देवकीला ते पटत नव्हतं, पण पहिलंच पोर, आणि सांगणारी बाई चार पोरं वाढवलेली. तिने ऐकलं. रात्र गेली. सकाळी पोर रडत होतं आणि डोळ्यांतून पाणी येत नव्हतं. तिने लंगोट चाचपला, कोरडा. रात्री शेवटच्या जुलाबानंतर बदलला तोच. दुपारपर्यंत पोर रडायचंही थांबलं. जीभ खरखरीत, डोळे आत गेलेले. मांडीवर घेतलं तर टाळू खोल गेलेली, बोट ठेवलं तर खळगा लागावा अशी.

"टाळू पडली," जानकी म्हणाली आणि कापूस तेलात भिजवून टाळूवर ठेवला.

देवकीने विशालला फोन लावला. पलीकडून टिप्परांची घरघर. "मांय काय म्हणता?" त्याने विचारलं.

"मांय दात म्हणता."

"मग सांजे येतंय मी. तेव्हा बघूया."

तिने फोन ठेवला, आणि त्याच वेळी फाटकाशी हॉर्न वाजला. बुधवार होता.

देवकीने टाळूवरचा कापूस काढून टाकला, पोराला टॉवेलात गुंडाळलं आणि अंगणात उतरली. पायांत चपलासुद्धा नव्हत्या. श्रीनाथ नेहमीसारखा पाठ करून उभा. विमानतळावर घालतो तोच पांढरा शर्ट, कडक इस्त्रीचा.

"दादा, फिर हय."

"भाचो हाडलंस काय गो? बाय, भितर जा. वाटी नाय झाली अजून. काकी काय म्हणतली?"

"काकी म्हणतली ता मी ऐकतंय. तू ह्याच्याकडे बघ."

श्रीनाथ वळला. आधी त्याने बहिणीकडे बघितलं, मग टॉवेलात. श्रावणापासून ज्याला टाळलं ते तोंड त्याने बघितलं, आणि दातांची त्याला आठवणसुद्धा राहिली नाही. त्याने मागचं दार उघडलं.

जानकी तोवर धावत आली होती. हातात ती वाटी, तेल अर्धं सांडलेलं. ती गाडीच्या पुढे जाऊन उभी राहिली. "गाडी माझ्या अंगावरसून ने," ती म्हणाली. मग आवाज पडला. "माझो एक भाऊ गेलो गो. तुझो जाव नये म्हणान सांगतंय. माका काय हौस?"

देवकीने पोर खांद्याशी घट्ट धरलं. "मांय, गोपाळमामाक ट्रकान मारल्यान. विशालच्या दातांनी न्हय. तो ट्रकवालो घराक गेलो, जेवलो, निजलो, आनी तू इतकी वर्षां आपल्याच झिलाच्या दातांक दोष देतंस. माझ्या पोराक मी तो दोष लावून घेवची नाय. आज ह्याका डॉक्टर नाय मिळालो तर ह्यो जातलो. मग ती वाटी कोणाक दाखयतलंस?"

तेल जानकीच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. मग ती गाडीच्या पुढून बाजूला झाली. देवकीला वाटलं घरात जाईल. ती वळसा घालून आली, दुसरं दार उघडून आत बसली आणि म्हणाली, "हाड पोराक माझ्याकडे."

रस्ताभर ती श्रीनाथला सांगत होती, "समोर बघ. आरशात बघू नको." श्रीनाथ आरशात बघतच होता. खनिजाचे ट्रक समोरून एकामागून एक येत होते, आणि दर ट्रकाला जानकी डोळे मिटून घेत होती.

डिचोलीच्या सरकारी इस्पितळात डॉक्टरीण तरुण होती. तिने पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, ती हळू बसली. जीभ बघितली, टाळू बघितली.

"लघवी कधी केली?"

"काल सांजे," देवकी म्हणाली.

"पाणी, दूध?"

जानकी पुढे झाली. "मी बंद केला."

"तिने सांगितलं आणि मी ऐकलं," देवकी म्हणाली. "यापुढे ऐकणार नाही."

डॉक्टरीण रागावली नाही. नर्सला हाक मारून तिने पुडीचं पाणी करायला लावलं, ते मीठ-साखरेचं असतं ना, तेच. मग म्हणाली, दात येताना हिरडी सुजते, लाळ गळते, पोर किरकिर करतं, पण असे जुलाब दातांचे नसतात. याच वयात पोरं रांगायला लागतात आणि दिसेल ते तोंडात घालतात. घाण पोटात जाते ती तिथून, आणि नाव होतं दातांचं. जुलाबात जेवढं पाणी जातं तेवढं परत द्यायचं, आईचं दूध अजिबात तोडायचं नाही. "आता चमच्या-चमच्याने पाजा. ओकला तर थोडं थांबून पुन्हा पाजा. लघवी झाली की मला सांगा. नाही झाली तर शिरेतून पाणी लावू."

देवकी पाजत राहिली. पहिले चमचे ओठांतून बाहेर आले. मग एक गिळला. मग पोराने जीभ बाहेर काढून चमचा शोधला. कितीतरी वेळाने तिने छातीशी लावलं तर तेही ओढायला लागलं. पण लंगोट कोरडाच. डॉक्टरीण दोनदा येऊन बघून गेली, आणि दुसऱ्यांदा तिने नर्सला सलाईन काढून ठेवायला सांगितलं.

देवकीची पाठ मोडली होती. श्रीनाथने हात पुढे केले. "दी माझ्याकडे."

देवकीने पोर त्याच्या हातात दिलं, तसंच सगळ्यांदेखत, दातांसकट. जानकी बाकावर बसून होती. या वेळी ती आडवी आली नाही. श्रीनाथ पोराला छातीशी धरून जिन्यापाशी येरझारा घालायला लागला, पूर्वी बहिणीला घेऊन घालायचा तशा. आणि चालता चालता थबकला.

"बाय," तो म्हणाला.

पांढऱ्या शर्टावर खिशापासून पट्ट्यापर्यंत पिवळा ओघळ. टपटप जमिनीवर पडत होता. श्रीनाथ हलला नाही. अभिषेक चालू असताना कुणी हलतं काय?

देवकी भिंतीला टेकून खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडली. जानकी उठली, डॉक्टरणीला सांगायला निघाली, आणि जाता जाता श्रीनाथला म्हणाली, "शर्ट माझ्याकडे दी, मी धुतंय."

संध्याकाळी विशाल आला तो दारातच उभा राहिला. देवकी त्याला एवढंच म्हणाली, "सांजे बघूया म्हणालंस ना? बघ." त्या दिवसापासून फोन आला की विशाल आधी पोराचं विचारतो, आई काय म्हणते ते नंतर.

रात्रभर इस्पितळात ठेवून पोराला घरी सोडलं, बरोबर झिंकचं औषध आणि पुड्या. गाडीत बसताना जानकीने हळूच एक वाट काढली. "श्रीनाथा, काल तू येताना आरशात बघितलंस न्हय? आरसो म्हणजे तेलासारखोच. मग झाला. वाटीची गरज नाय."

वाद मिटत होता, मुहूर्ताचा खर्चही वाचत होता. दुसरी कुणी असती तर हो म्हणाली असती. देवकी म्हणाली, "नाय मांय. फाटकात बघितल्यान. थेट."

घरी आल्यावर जानकीने वाटी परत कपाटात ठेवली नाही. ती घासून ओट्यावर आली. गौरेश त्याच वाटीतून पेज खातो, आणि बुधवारी भरवायला मामा असतो. खालचे दातही आले आता. पेजेबरोबर मामाचं बोटही चावतो. हॉर्न कुणी देत नाही, गाडी सरळ अंगणात येते.

एक मात्र राहिलं. श्रीनाथ जायला निघाला की जानकी त्याच्या मागे फाटकापर्यंत जाते. "पोचलंस काय फोन कर."

पहिल्यांदा देवकीच्या कपाळाला आठी पडली. मग ती फाटकाशी आली आणि भावाला म्हणाली, "कर फोन. पण तो ट्रकांसाठी. दातांसाठी न्हय."

"होय गो, ट्रकांसाठीच," जानकी म्हणाली. आणि घराच्या पायरीवर जाऊन बसली, ती मोप्याहून फोन येईपर्यंत उठली नाही.