सुमननं दिलेलं बळ

अमरावतीहून एसटीनं अकोल्याला उतरलो, तेव्हा स्टँडवर शेजारचे देवराव उभे होते. माझ्यासोबत सुमनची, म्हणजे माझ्या बायकोची, धाकटी बहीण कमल होती. तिला आणायलाच मी सकाळी गेलो होतो. पुढे होऊन देवरावांनी माझ्या हातातली पिशवी घेतली, आणि मला कळलं. कमल मात्र विचारत राहिली, ताई जेवली का, ताईला झोप लागली का... अगदी जठारपेठेतलं घर येईपर्यंत. त्याला आता दीड महिना होत आला.

सुमन मुलींच्या शाळेत कवायत शिकवायची. माहेर अमरावतीचं. तिथल्या एका व्यायामशाळेत ती मुद्गल फिरवायला शिकली होती, म्हणून लग्न झालं तेव्हा कचेरीतले लोक मला घरात जपून बोलायला सांगत. मी पहिल्यापासून किरकोळ अंगाचा. चाळिशी ओलांडली आणि मधुमेह निघाला. वऱ्हाड अजून मध्य प्रदेशात होतं तेव्हाची ही गोष्ट. रोज सकाळी काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे थेंब टाकायचे, स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं आणि रंग पाहायचा. निळा राहिला तर साखर नाही. माझा विटकरी व्हायचा. ज्यानं त्यानं आराम करायला सांगितलं, आणि मी तो मनापासून केला. कचेरीतून आलो की खाट. मांड्या वाळल्या, दंडाची कातडी लोंबायला लागली, जिना चढताना कठड्याला धरून थांबावं लागे.

अशातच वरूडला तिच्या नात्यातल्या एका लग्नाला गेलो. जेवणं झाली, पंगत उठली, आणि मला उठताच येईना. दोघांनी काखेत हात घालून मला उभं केलं. कोणी हसलं नाही, तेच जास्त लागलं. परतल्यावर दुसऱ्या दिवशी सुमननं जुन्या सतरंजीच्या पिशव्या शिवल्या, मोर्णेच्या पात्रातली वाळू धुऊन, वाळवून त्यांत भरली, आणि मला घेऊन डॉक्टरांकडे गेली. डॉक्टर भले होते. त्यांनी छाती तपासली, हलक्या वजनापासून सुरू करा म्हणाले, आणि साखर एकदम उतरून घाम फुटला, हात थरथरले तर लगेच तोंडात टाकायला गूळ जवळ ठेवायला सांगितला. मीच कुरकुरत होतो. आता वय झालं, म्हणालो.

"वय झालं म्हनूनच त करा लागते," ती म्हणाली. "तरनेपनी बळ आपोआप रायते अंगात. आता ते कमवा लागते."

पहिले कित्येक दिवस नुसतं स्टुलावर बसायचं आणि हात न टेकता उठायचं. मग हातात पिशव्या घेऊन. मग पिशव्यांत आणखी वाळू. मी चिडायचो, ती चिडायची नाही. शाळेतल्या मुलींना देते तसा ताल द्यायची आणि माझी पाठ वाकली की दोन बोटं कण्यावर टेकवायची. हळूहळू जिन्याचा कठडा सुटला. नळीतला रंग विटकरीचा पिवळा झाला, पिवळ्याचा हिरवा. औषध सुटलं नाही, पथ्यही नाही, पण ज्या सकाळी रंग पहिल्यांदा निळाच राहिला त्या सकाळी सुमन ती नळी उजेडात धरून कितीतरी वेळ पाहत बसली होती. पुढे एकदा चिखलदऱ्याला गेलो, तर सामान मी उचललं आणि ती मोकळ्या हातांनी पुढे चालली. एवढ्या ऐटीत चालताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

...आणि मग तिच्याच पोटात गाठ निघाली. अमरावतीला पोट उघडलं, पाहिलं आणि परत शिवलं. मी बाहेर बाकावर होतो. इतक्या लवकर दार उघडलं, तेव्हाच काय ते समजलो.

शेवटचे महिने तिला मीच उचलत असे. खाटेवरून अंगणातल्या आरामखुर्चीत, ऊन चढलं की परत आत. कमल येऊन मदत करते म्हणायची, तर सुमन तिला म्हणे, "राहू दे, त्याइले जमते." पहिल्या दिवशी मी वाकलो, तशी माझ्या गळ्याभोवती हात टाकून ती हळूच म्हणाली, "गुडघ्यातून उठा. कंबरीतून नाई." पुढे रोज म्हणायची. आवाज गेला तेव्हा दोन बोटं माझ्या पाठीवर टेकवायची.

त्या सकाळी मात्र तिला आवाज फुटला. मी तिला खुर्चीत ठेवलं, पांघरूण घातलं, देवरावांना लक्ष ठेवायला सांगितलं, कमलला घेऊन दुपारपर्यंत येतो म्हणालो. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं.

"पाहा," ती म्हणाली, "आज दम नाई लागला तुमाले."

खूष होती. मी हो म्हणालो. उचलायला तिच्यात वजनच उरलं नव्हतं, हे मी बोललो नाही.

बुद्धवंदना झाली, माणसं आपापल्या गावी गेली, कमलही गेली. परवा डॉक्टरांनी बोलावून मला तपासलं. रक्तदाब चांगला, साखर आटोक्यात, या वयाला असे हातपाय सहसा दिसत नाहीत म्हणाले. पाठीवर थाप मारून म्हणाले, तुम्ही अजून पुष्कळ वर्षं काढाल. मी आभार मानले, पायऱ्या भरभर उतरलो, आणि रस्त्यावर आल्यावर कळेना, की ही बातमी आता सांगायची कोणाला...

आज सकाळी जाग आली ती नेहमीच्याच वेळेला. उठलो, अंगणात आलो. ताल द्यायला कोणी नव्हतं. वाळूच्या पिशव्या हातात घेऊन उभा राहिलो, आणि मग हात आपोआप वर गेले.