अर्धा तास माग बंद

मावशीला त्या गोंगाटातून हलवायचं, हे मी चार वर्षं घोकत होतो. तिच्या खोलीच्या भिंतीपलीकडेच टॉवेलचा कारखाना. दिवसरात्र माग खटखटत असतात, फळीवरचे पेले आपसांत कुजबुजत असतात. मी विजापूर रोडला फ्लॅट घेतला, तिची खोली ठरवली, पडदेसुद्धा लावले. ती आपली, "येते की." आणि येत नव्हती.

लातूरकडच्या त्या मोठ्या भूकंपात मावशी पहाटे परड्यात गेली होती म्हणून वाचली. घरातले तिघे वाचले नाहीत. त्यानंतर ती सोलापूरला आली. त्या दिवसाबद्दल तिनं काही सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

यंदा माझ्या मुलीनं इंजिनिअरिंगच्या प्रोजेक्टसाठी मावशीचं अंगण निवडलं. डब्याएवढं यंत्र जमिनीवर ठेवायचं. उद्या मोठा भूकंप झाला तर इथली जमीन किती हलेल, याचा अंदाज त्यावरून बांधायचा. फक्त आसपास शांतता हवी. मी कारखान्याच्या मालकांना गाठलं.

"अर्धाच तास हं साहेब," ते म्हणाले, "ऑर्डर आहे."

भर दुपारी माग थांबले. शांततेचा बंदोबस्त मी स्वतःकडे घेतला होता, आणि पाचव्या मिनिटाला मीच शिंकलो. लॅपटॉपवर उंच रेघ उमटली. लेकीनं नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी तोंडावर रुमाल दाबून मावशीकडे वळलो, म्हटलं निदान ती तरी हसेल.

मावशी उंबऱ्यात उभी होती. एक पाय आत, एक बाहेर. चौकट दोन्ही हातांनी धरलेली, बोटं पांढरी पडलेली. मी हात पुढे केला तर तिनं मानेनंच नको म्हटलं. उरलेला वेळ ती तशीच उभी होती, आणि ते यंत्र जमिनीचं काहीबाही टिपत होतं.

माग पुन्हा सुरू झाले तशी ती खाली बसली.

"काय झालं गं?"

"बंद पडलं की वाटतं, आता येनार."

"आणि चालू असलं की?"

"मग आलेलंच हाय की. वाट बगावी लागत न्हाय."

कारखान्याच्या सुट्टीला ती पहिल्या एसटीनं बार्शीला बहिणीकडे जायची, दिवे लागल्यावर, रात्रपाळीचे माग सुरू झाले की परतायची. काय हे बहिणीचं वेड, म्हणून मी वर्षानुवर्षं तिची थट्टा केली. मोठा शहाणा मी.

"कदी येनार ते कळतं का ह्यात?" तिनं नातीला विचारलं.

"कधी ते नाही कळत, आजी. आला तर किती हलेल, तेवढंच."

"हितं किती?"

लेक अडखळली. "इथं काळी माती खोल आहे. खडकापेक्षा जास्तच."

मी संधी साधली. "बघ! आमची बिल्डिंग खडकावर आहे. लई भक्कम."

"असंल. पर तितं शांत हाय रे."

मी पुन्हा पडद्यांचं सांगायला लागलो. लेकीनं मात्र तिच्या सरांना विचारून मावशीच्या खोलीला लोखंडी पट्टे बांधून घेतले, वरच्या माळ्यावरचं वजन उतरवलं. मावशी तिथंच राहिली.

खडकावर मी राहतो. दुपारी खालचा बोअरचा पंप बंद होतो, पोरं शाळेत असतात, वीज जाऊन पंखाही थांबतो. मी पेपर बाजूला ठेवतो, पाय जमिनीला टेकवतो आणि कुठूनतरी आवाज येईपर्यंत तसाच बसून राहतो.