हात कुणाचा हलतो

"हिचा हात हलतो," तांबे साहेब म्हणाले. "गाडीत काही नाही."

गाडीबाहेर उभ्या असलेल्या तांबे वहिनी हातातली किल्ली तेवढी या बोटातून त्या बोटात फिरवत राहिल्या.

काशीमीऱ्याला हायवेच्या मागच्या बाजूला माझं गॅरेज आहे. आजूबाजूला सगळी ट्रकची कामं चालतात. मी एकटाच जुन्या कार घेतो, कारण सुरुवातीची बरीच वर्षं मी बसच्या डेपोत काढली आणि ज्या गाड्या हातानं उघडून हातानंच बंद करता येतात, त्यांच्यावरच माझा जीव आहे. त्या दिवशी समोर होती क्रीम कलरची पद्मिनी. पुढे सलग सीट, गिअर स्टिअरिंगलाच. दार लावलं की अजूनही घट्ट बसायचं. कुणीतरी मनापासून सांभाळलेली गाडी होती.

तो सांभाळणारा माणूस आता ती चालवू शकत नव्हता. तांबे साहेब सत्तरीचे. लालबागहून मीरा रोडला फ्लॅट घेऊन आले तेव्हापासून गाडी त्यांच्याकडेच. दोन वर्षांमागे डोळ्यांनी दगा दिला. कडेकडेचं दिसायचं, पण जिथे बघायचं तिथेच मधोमध धूसर डाग. लायसन्स त्यांनी स्वतःहून रिन्यू केलं नाही. मग वहिनींनी मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये पुन्हा धडे घेतले. तरुणपणी काढलेलं लायसन्स होतं, सवय नव्हती. साहेबांना एकदा गाडीनं गुहागरला, घरी जायचं होतं. एसटी नको, मुलाची नवी गाडी नको. हीच गाडी हवी होती.

तयारी म्हणून दोघं घोडबंदरच्या बाजूला चकरा मारायचे. वरसाव्याच्या पुलाआधी एकदा वहिनींनी ब्रेक लावला आणि गाडी उजवीकडे ओढली गेली. डिव्हायडर हातभर अंतरावर आला. मागच्या टँकरनं हॉर्न दाबून धरला तो त्यांना पार करून जाईपर्यंत सोडला नाही. घरी येऊन वहिनींनी किल्ली फ्रीजवर ठेवली, ती कित्येक आठवडे तिथेच होती.

"दोन ठिकाणी दाखवली," साहेब म्हणाले. "ब्रेक शू नवे, सिलिंडर नवे, अलाइनमेंट केलं. तरी ओढते. मग उरलं काय?"

"आधी मी बघतो," मी म्हणालो.

ब्रेक लावल्यावर गाडी एका बाजूला जाते म्हणजे काय, ते साधं आहे. प्रत्येक चाकाच्या आत लोखंडी डबा असतो, ड्रम. ब्रेक दाबला की आतले शू फाकून ड्रमला घासतात आणि चाक थांबतं. पुढच्या दोनातलं एक चाक जास्त घट्ट धरलं गेलं, तर गाडी त्या बाजूला वळते. टायरमध्ये हवा कमीजास्त असली तरी तसंच होतं.

हवा बघितली, बरोबर होती. पुढची दोन्ही चाकं उचलली. वहिनींना आत बसवून ब्रेक हळूहळू दाबायला सांगितलं आणि एकेक चाक हातानं फिरवून बघितलं. दोन्ही सारखीच धरत होती. ड्रम उघडले. शू कोरडे, कुठे तेलाचा थेंब नाही. रबरी पाइपही नवे. आधीच्या मेकॅनिकनी काम प्रामाणिक केलं होतं.

मग मी स्वतः चालवायला घेतली. गोदामांच्या मागच्या रस्त्यावर थोडा वेग घेतला, स्टिअरिंग सैल धरलं आणि ब्रेक लावला. नाक उजवीकडे गेलं. परत लावला. परत उजवीकडे.

गॅरेजला आलो तेव्हा साहेब खुर्चीत सरळ होऊन बसले. "तुम्हालाही ओढली?"

"ओढली."

"रस्त्याला उतार असेल."

"उतार डावीकडे आहे, साहेब. गाडी उजवीकडे जाते."

वहिनींनी पदराच्या टोकानं चष्मा पुसायला घेतला. बराच वेळ पुसत राहिल्या. मग प्रथमच बोलल्या. "भाऊ, एक विचारू? ब्रेक मारला की मागे टक् असा आवाज येतो. हे म्हणतात डिकीतला जॅक हलतो. पण जॅक मी काढून घरी ठेवलाय."

साहेबांनी मान वळवली. "कधी काढलास?"

"झाले खूप दिवस. तुम्हाला सांगितलं होतं."

मी आता गाडी मागून उचलली.

या गाडीच्या मागे कमानपाटे असतात. ट्रकखाली दिसतात तेच, फक्त लहान. लोखंडी पट्ट्यांची थप्पी. मागच्या चाकांना जोडणारा आडवा दांडा, ॲक्सल, या दोन थप्प्यांना बांधलेला असतो. बाहेरून यू आकाराचे बोल्ट त्याला आवळून धरतात. आणि थप्पीच्या मधून एक सेंटर बोल्ट जातो. तो ॲक्सलची जागा ठरवतो. आजकालच्या कारना हे पाटे नसतात, म्हणून कार दुरुस्त करणाऱ्यांची नजर तिकडे सहसा जात नाही.

वरून सगळं जागच्या जागी दिसत होतं. पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत टेप लावली. डावी आणि उजवी बाजू सारखी. तरी तो टक् मनातून जाईना. मी डाव्या पाट्यावरचा चिखल खरवडला, जागा रॉकेलनं पुसून कोरडी केली आणि पाट्यापासून ॲक्सलच्या बैठकीपर्यंत खडूची सरळ रेघ ओढली. उजवीकडेही तशीच. मग वहिनींना म्हणालो, "चला. ब्रेक लावून थांबलात की गिअर टाकायचा नाही. गाडी आहे तिथेच ठेवायची."

त्यांनी चालवली. मी बाजूला बसलो. ब्रेक, टक्, उजवीकडे ओढ. मी उतरून रस्त्यावर गोणपाट टाकलं आणि खाली सरकलो.

उजवी रेघ सरळ होती. डावी तुटली होती. तिचा खालचा आणि वरचा तुकडा बोटभर लांब गेले होते.

सेंटर बोल्ट आतल्या आत तुटला होता. ब्रेक लागला की ॲक्सलचं डावं टोक मागे सरकायचं. मग मागच्या दोन्ही चाकांचं तोंड डावीकडे व्हायचं, गाडीचं शेपूट डावीकडे जायचं आणि नाक उजवीकडे. पुढे निघालं की इंजिनच्या जोरानं तेच टोक परत जागेवर. म्हणून गॅरेजमध्ये उभी असताना ही गाडी कायम निर्दोष.

मी दोघांना हे समजावून सांगितलं. साहेबांनी विचारलं, "एकाएकी तुटला?"

"नाही. यू बोल्ट सैल पडले असणार, मग सगळा भार याच्यावर आला. झिजत झिजत गेला. तुम्ही चालवत होतात तेव्हाच सुरू झालं असेल. इतक्या वर्षांचा हात तुमचा, तो आपोआप सावरून घेत असेल. तुम्हाला कळलंही नसेल."

खुर्चीच्या दांड्यावरचे स्वतःचे हात साहेबांनी उलटे करून पाहिले. किती दिसले असतील कुणास ठाऊक.

शेजारचे रफिकभाई ट्रकचे पाटे बांधतात. थप्पी सोडवून त्यांच्याकडे नेली. "दुसरा पत्ता भी क्रॅक है," ते म्हणाले, "बदल देता हूँ." नवा बोल्ट, एक नवी पट्टी, नवे यू बोल्ट. संध्याकाळ व्हायच्या आत गाडी जमिनीवर होती. वहिनींनी रस्त्यावर ब्रेक लावला. गाडी जिथे तोंड होतं तिथेच थांबली. त्यांनी पुन्हा लावला, मग आणखी एकदा, उगाच.

परत आल्यावर त्या उतरून साहेबांसाठी दार उघडायला गेल्या. साहेब चालत गाडीपाशी आले, पण डावीकडे नाही. उजव्या दाराशी थांबले आणि हँडलवर हात ठेवला.

"कदम," ते मला म्हणाले, "एकदाच. रस्त्यावर नको. कुठेतरी आत."

मी वहिनींकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "अहो, मला कुठे हौस होती चालवायची. मला तुमच्या बाजूलाच बसायचं होतं."

मागच्या गोदामाचं आवार मोठं आहे. तिथले राखणदार म्हात्रे, जवळच्याच मोरवा गावचे. त्यांना विचारलं. "गोडाऊन आज बंद हाय," ते म्हणाले. "गाडी न्हाय, मानूस न्हाय. फिरवा निवांत. मी गेट लावून घेतो."

साहेब स्टिअरिंगवर बसले, वहिनी बाजूला, मी मागे. त्यांनी न चाचपडता किल्ली लावली. पहिला गिअर पडला तो आवाजही न होता.

"सरळ," वहिनी म्हणाल्या. "अजून सरळ. आता थोडं डावीकडे. पुरे."

आवाराला एक चक्कर झाली. दुसऱ्या चकरेला त्यांनी दुसरा गिअर टाकला. खिडकीतून वारा आला. आरशात मला त्यांचा चेहरा दिसत होता. ते समोर बघत नव्हते, किंचित बाजूला बघत होते, जिथून त्यांना दिसायचं तिथून.

"आता ब्रेक," वहिनी म्हणाल्या.

त्यांनी हात स्टिअरिंगवरून अलगद उचलले आणि ब्रेक लावला. गाडी सरळ थांबली. इंजिन चालू होतं. कुणी उतरेना. साहेब म्हणाले, "मीना, हात माझाच हलत होता."

"असू दे," त्या म्हणाल्या. त्यांनी हात लांबवून किल्ली फिरवली आणि इंजिन बंद केलं.

गणपतीआधी दोघं गुहागरला जाऊन आले. जाताना-येताना वहिनींनीच चालवली. नंतर फोनवर हसत सांगत होत्या, की घाटात प्रत्येक वळणाला साहेब डावीकडे बसून पायाखाली नसलेला ब्रेक दाबत होते. तिथला मॅट फाटला.

गाडी ओढते अशी तक्रार आली की मेकॅनिक पुढची चाकं उघडतो. तेच बरोबर आहे. पण ओढ पुढे जाणवली म्हणून दोष पुढेच असतो असं नाही. आणि गाडीबरोबर दोन माणसं आली की जास्त बोलणाऱ्याचं ऐकायची आपली पद्धत आहे. मी हल्ली आधी विचारतो, चालवतं कोण. दुसऱ्याला चहा देतो आणि चालवणाऱ्याशी बोलतो.