शिलाईवरचं पाणी

कॅम्प दोनच्या बाजारात दुकान असलेले आमचे शेठ गिऱ्हाईक आलं की आधी पाण्याची बाटली उघडतात. स्नोबोर्डिंगचं जॅकेट टेबलावर पसरतात, पाठीवर पाणी ओततात आणि थेंब घरंगळले की म्हणतात, "देखो, एकदम वॉटरप्रूफ! इम्पोर्टेड माल आहे."

इम्पोर्टेड कसला डोंबलाचा! बुवापाड्यात माझ्या घरच्या मशीनवर शिवलेला. शिलाईच्या भोकांतून पाणी शिरू नये म्हणून आतून टेप लावायची असते. मी ती मागितली की शेठ हसतात. "ताई, आतून कोण बघतो?" ते हसू बघून माझं डोकं फिरतं.

परवा माल द्यायला गेले, तर बदलापूरची एक मुलगी गुलमर्गला जाण्यासाठी जॅकेट घेत होती. शेठचं जॅकेटच्या पाठीवर पाणी ओतून झालं. मी बाटली हिसकावली आणि खांद्याच्या शिलाईवर उपडी केली.

"आत हात घालून बघ," मी तिला म्हटलं.

तिने ओला हात बाहेर काढला आणि जॅकेट तिथेच टाकून निघून गेली. शेठ ओरडलेसुद्धा नाहीत. त्यांनी शांतपणे टेबल पुसलं.

आज शेठकडून कापडाचा नवा गठ्ठा आला. मी आधी टेप शोधली. टेप नव्हती, चिठ्ठी होती: "ताई, यापुढे माल रिक्षाने पाठवा. दुकानात येऊ नका."